चिनी मर्दनविद्या : तुइना

सुगीचे दिवस असावेत, पोते उचलताना एकाएकी पाठीत उसण भरावी, माणूस जागच्या जागी वाकून राहावा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ओसरीवरून ओरडून सांगावे, "अरे, कुणी पायाळू असेल तर बोलवा त्याला, पाठीला पाय लावू द्या!" हा प्रकार तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या पायात काही निराळा गुण असतो, असे मानायला आधार नाही. पण त्या समजुतीच्या मागे एक जुना अनुभव आहे खरा. दुखऱ्या जागेवर दुसऱ्याचा हात नेमका आणि बेताने पडला की दुखणे काही वेळ हलके होते. आई रडत्या मुलाची पाठ थोपटते, तालमीत वस्ताद पोरांचे अंग रगडून घेतात, बाळ-बाळंतिणीला तेल लावायला बाई येते. या साऱ्यांच्या मुळाशी हाच अनुभव आहे.

हा अनुभव सगळ्या जगाचाच आहे. पण चीन देशात त्याची एक शिस्तबद्ध विद्या झाली. तिचे ग्रंथ झाले, तिच्या शाळा निघाल्या, तिच्या परीक्षा सुरू झाल्या. या विद्येचे नाव तुइना. तिच्याविषयी आज मी तुमच्याशी बोलणार आहे. आणि बोलता बोलता आपल्या घरातल्या चोळण्या-मळण्याविषयीही एक गोष्ट सांगणार आहे, कारण ती सांगितल्यावाचून हे भाषण पुरे व्हायचे नाही.

चीनचे वैद्यक म्हटले की आपल्या मनात पहिले नाव येते ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला गेले. त्यात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते, बंगालचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच वारले. ते शस्त्रवैद्य होते, मर्दनाशी त्यांचा संबंध नव्हता. पण त्यांचे सोबती डॉ. बसू पुढे १९५८ साली पुन्हा चीनला गेले, तिथली सुया टोचून उपचार करण्याची जुनी पद्धत शिकले आणि ती त्यांनी कलकत्त्यात आणली. तुइना ही त्या सुईच्या उपचाराची सख्खी बहीण आहे. शरीरातील ज्या ठिकाणी सुई टोचायची, त्याच ठिकाणी इथे बोट दाबायचे.

तुइना या शब्दाचा अर्थ अगदी साधा आहे. तुइ म्हणजे ढकलणे आणि ना म्हणजे पकडणे. त्याहून जुने नाव आहे आनमो. आन म्हणजे दाबणे, मो म्हणजे चोळणे. तुइना हे नाव मिंग घराण्याच्या काळात, म्हणजे १३६८ ते १६४४ या काळात रूढ झाले, आणि तेही लहान मुलांच्या मर्दनावर लिहिलेल्या पुस्तकांतून.

ही विद्या किती जुनी आहे? चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ समजला जातो तो 'पीत सम्राटाचा' म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याला सुमारे दोन हजार वर्षे झाली. सम्राट प्रश्न विचारतो आणि वैद्य उत्तरे देतो, अशी त्याची मांडणी आहे. त्यात एके ठिकाणी प्रश्न आहे की एकाच रोगावर निरनिराळे वैद्य निरनिराळे उपचार करतात आणि तरी रोगी बरे होतात, हे कसे? उत्तर मोठे मार्मिक आहे. पूर्वेकडे समुद्रकाठी लोक मासे आणि मीठ खातात, त्यांना गळवे होतात, म्हणून तिथून दगडी सुया आल्या. पश्चिमेकडून औषधे आली. उत्तरेच्या थंडीतून शेक आणि डाग आले. दक्षिणेतून बारीक सुया आल्या. आणि मधल्या सपाट, सुपीक प्रदेशात लोक नाना प्रकारचे खातात व अंगमेहनत करीत नाहीत, त्यांचे हातपाय दुबळे होतात, म्हणून तिथून व्यायाम आणि मर्दन आले! म्हणजे त्या ग्रंथकाराच्या मते मर्दन हा बसून खाणाऱ्यांच्या दुखण्यावरचा उपाय होता. आपल्याकडे तर दिवसभर वाकून भात लावणाऱ्या बाईला त्याची गरज जास्त. पण उपचार जमिनीतून आणि राहणीतून उगवतो, हा त्याचा मुद्दा आजही विचार करण्यासारखा आहे.

याच काळाचा एक पुरावा जमिनीतून निघाला आहे. हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वेइ नावाच्या जागी जुनी थडगी सापडली. त्यातले एक थडगे ख्रिस्तपूर्व १६८ साली बंद केलेले. १९७३ साली ते उघडले, तेव्हा रेशमी कापडावर काढलेले एक रंगीत चित्र हाती लागले. त्यात ४४ माणसे ओळीने उभी आहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, म्हातारे आहेत, तरुण आहेत. कोणी वाकतो आहे, कोणी हात ताणतो आहे, कोणी काठी घेऊन अंग लववतो आहे. आपल्या शाळेच्या भिंतीवर कवायतीचा तक्ता असावा, तसा हा दोन हजार वर्षांपूर्वीचा तक्ता! मर्दन आणि व्यायाम या दोन गोष्टी चिनी वैद्यकात पहिल्यापासून जोडीनेच चालत आल्या आहेत.

पुढे थांग घराण्याच्या काळात, म्हणजे ६१८ ते ९०७ या काळात, राजाच्या वैद्यकखात्यात चार शाखा होत्या. एक औषधांची, एक सुयांची, एक मर्दनाची आणि चौथी मंत्रतंत्रांची. मर्दनाच्या शाखेवर एक पंडित नेमलेला असे आणि त्याच्या हाताखाली शिक्षक व विद्यार्थी असत. पडल्या-झडल्याने निखळलेली हाडे बसवणे हेही याच शाखेचे काम होते.

आणि इथे आपला भारत या कथेत येतो. त्याच काळात सुन सिम्याओ नावाचा फार मोठा वैद्य होऊन गेला. तो ६८२ साली वारला. त्याच्या ग्रंथात 'थ्येनचू देशाचे मर्दन' म्हणून एक प्रकरण आहे. थ्येनचू म्हणजे आपला देश. ही ब्राह्मणांची रीत आहे, असे तो स्पष्ट सांगतो, आणि मग अठरा क्रिया देतो. दोन्ही तळहात एकमेकांवर चोळावेत, धनुष्य ओढल्यासारखा हात ताणावा, वाघासारखे मागे वळून पाहावे, अशा त्या क्रिया आहेत. म्हाताऱ्या माणसाने रोज तीन वेळा त्या केल्या तर महिन्याभरात तो घोड्यासारखा पळेल, असेही आश्वासन आहे. ते आपण थोडे बाजूला ठेवू. पण बौद्ध भिक्षूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटेने पोथ्या गेल्या, तसे अंग मोकळे करण्याचे प्रकारही इकडून तिकडे गेले, आणि तिथल्या वैद्याने ते कुणाचे आहेत हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे.

पण हा मान कायम टिकला नाही. पुढच्या काळात मोठे वैद्य नाडी पाहू लागले, औषधांचे पाठ लिहून देऊ लागले, आणि दुसऱ्याचे अंग हाताने चेपणे हे हलके काम ठरले. सोळाव्या शतकात सरकारी वैद्यकातून मर्दनाची शाखा वगळली गेली. ती विद्या उरली न्हाव्यांच्या हातात, पहिलवानांच्या हातात, सुइणींच्या आणि घरोघरच्या बायांच्या हातात. आपल्याकडेही थोडेफार असेच झालेले दिसेल. जे काम हाताने होते त्याला आपण कमी लेखतो, आणि ज्याला कमी लेखतो त्याचे ज्ञान लिहून ठेवत नाही.

१९२९ सालच्या फेब्रुवारीत तर चीनच्या तेव्हाच्या सरकारपुढे जुने वैद्यक साफ बंद करण्याचाच प्रस्ताव आला. गावोगावचे वैद्य शांघाय शहरात जमले, त्यांनी जोराचा विरोध केला आणि तो प्रस्ताव अमलात आला नाही. नंतर १९५६ साली शांघायमध्ये तुइनाचा शिक्षणवर्ग निघाला आणि १९५८ साली तुइनाची स्वतंत्र शाळाच सुरू झाली. तोवर या विद्येची घराणी होती. आपल्या गवयांची असतात तशी. एका घराण्याचे लोक अंगठ्याच्या टोकाने काम करीत, दुसऱ्याचे तळहाताने. तिंग चीफंग नावाच्या एका तज्ज्ञाने, म्हणजे तिंग घराण्यातल्या एका वारसदाराने, हाताची मागची बाजू रुळासारखी फिरवण्याची नवी रीत बसवली. बापाने लेकाला आणि गुरूने एका-दोन शिष्यांना सांगायची ही गुपिते. ती सगळी एका छपराखाली आणून मुलामुलींना फळ्यावर शिकवायला सुरुवात झाली. शिक्षक बंधु-भगिनींना याचे महत्त्व मी वेगळे सांगायला नको.

आता प्रत्यक्ष उपचार कसा होतो ते पाहू. रोगी पालथा किंवा उताणा निजतो, किंवा स्टुलावर बसतो. मोठ्या माणसाच्या अंगाला तेल बहुधा लावत नाहीत. अंगावर कपडे तसेच राहतात आणि जिथे काम करायचे तिथे एक सुती फडके पसरतात. मग वैद्याचा हात चालू लागतो. त्या हाताच्या ज्या निरनिराळ्या चाली आहेत, त्या समजायला आपल्या स्वयंपाकघराइतकी चांगली शाळा नाही. तळहाताने एका रेषेत पुढे रेटायचे, ती 'ढकलणी'. कणीक तिंबतो तसे मांसल भाग गोलगोल मळायचे, ती दुसरी चाल. मानेचा किंवा खांद्याचा स्नायू चिमटीत धरून उचलायचा आणि सोडायचा, ती तिसरी. हात किंवा पाय दोन तळव्यांमध्ये धरून, हाताने रवी फिरवावी तसा फिरवत खाली न्यायचा, ती चौथी. लाटणे पोळीवरून फिरते, तशी हाताची पाठ मनगटातून पाठीवर लोळवायची, ती पाचवी. त्याशिवाय दाबणे, थोपटणे, हलवणे, सांधा हळूच फिरवणे, ताणणे, असे पुष्कळ प्रकार आहेत.

यातली लोळवण्याची चाल मिनिटाला १२० ते १६० वेळा व्हावी लागते, आणि तीही एकसारखी. म्हणून नवा विद्यार्थी माणसाच्या अंगाला हातच लावत नाही. त्याला तांदूळ किंवा वाळू भरलेली एक लहानशी पिशवी देतात. तिच्यावर महिनोन् महिने सराव करायचा. अंगठा दुखतो, मनगट भरून येते, तरी सराव करायचा. हात चार कसोट्यांना उतरला पाहिजे. तो दमता कामा नये, त्यात जोर पाहिजे, त्याची लय एकसारखी पाहिजे, आणि त्यात मऊपणा पाहिजे. हे चारही जमले म्हणजे हाताचा परिणाम खोल पोचतो, असे ते मानतात. नुसता जोर असेल तर तो दांडगाई ठरतो.

कुठे दाबायचे, हे मोजण्याची त्यांची रीतही सुंदर आहे. माप रोग्याच्याच शरीराचे घ्यायचे. रोग्याच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे एक माप, आणि चार बोटे जोडून होणारी रुंदी म्हणजे तीन मापे. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक प्रसिद्ध जागा आहे. पोटाच्या तक्रारीवर ती दाबतात. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन शिरांच्या मध्ये एक जागा आहे. ती मळमळीवर दाबतात. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या मनगटाच्या जागेचा उपयोग होतो, असे आधुनिक रुग्णालयांतल्या पुष्कळ चाचण्यांतही दिसून आले आहे.

मग हे सारे का होते? चिनी वैद्य सांगतात की शरीरात 'छी' नावाची प्राणशक्ती वाहिन्यांतून वाहते. ती कुठे अडली की दुखते, आणि वाट मोकळी केली की दुखणे थांबते. आपल्याला हे ऐकताना प्राण आणि नाड्या आठवतील. पण शरीर उघडून पाहणाऱ्यांना अशा वाहिन्या कुठे सापडलेल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मात्र दुखऱ्या जागी चोळल्याने बरे का वाटते, याचे एक निराळे उत्तर १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी पुढे मांडले. त्यांचे म्हणणे असे की, दुखण्याची वार्ता मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एका फाटकातून जाते. स्पर्शाची आणि दाबाची वार्ता त्याच वेळी तिथे पोचली तर ते फाटक काहीसे लोटले जाते आणि दुखणे कमी जाणवते. त्यांच्या सिद्धांतात पुढे दुरुस्त्या झाल्या, पण ठेच लागली की आपण आपोआप अंगठा का चोळतो, ते त्यावरून समजते.

लहान मुलांसाठी तुइनाची निराळीच शाखा आहे. १६०१ साली यांग चिचोउ याच्या सुयांवरील मोठ्या ग्रंथात मुलांच्या मर्दनाची एक पोथी जोडलेली आहे. मुलाच्या हाताची पाच बोटे म्हणजे पाच अवयव, असे ते मानतात, आणि ती बोटे आल्याचा रस किंवा पाणी लावून हलक्या हाताने चोळतात. मुलाला भूक लागत नसेल, पोट सुधारत नसेल, तर माकडहाडापासून मानेपर्यंत पाठीची कातडी दोन्ही हातांच्या चिमटीत धरून पुढे पुढे सरकवत नेतात. ही रीत फार जुनी आहे. चौथ्या शतकातल्या गे होंग नावाच्या ग्रंथकाराने पोटदुखीवर पाठीची कातडी अशी उचलावी, असे लिहून ठेवले आहे.

या गे होंगच्या पुस्तकाची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच पुस्तकात हिवतापावर एका वनस्पतीचा रस पाण्यात पिळून द्यावा, असे लिहिलेले होते. १९७१ च्या सुमारास तू योयो नावाच्या बाई त्या वनस्पतीवर काम करीत होत्या. ही ओळ वाचून त्यांनी उकळण्याऐवजी कमी उष्णतेवर अर्क काढला, तो प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग रोग्यांना दिला. त्यातून हिवतापावरचे मोठे औषध जगाला मिळाले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच पुस्तकातली एक ओळ कसोटीला उतरली. म्हणून बाकीच्या साऱ्या ओळी खऱ्या ठरत नाहीत, आणि पुस्तक जुने आहे म्हणून खोट्याही ठरत नाहीत. प्रत्येक ओळीने आपली परीक्षा आपण द्यावी लागते.

तुइनाने अशा परीक्षा किती दिल्या? कंबरदुखीवर निरनिराळ्या प्रकारच्या मर्दनाच्या २५ चाचण्यांचा एक आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन हजारांवर रोगी होते. निष्कर्ष असा की मर्दनाने थोड्या काळापुरते बरे वाटते, पण पुरावा कच्चा आहे आणि फार दिवस टिकणारा फायदा दिसत नाही. शाळांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९६३ पासून चीनच्या शाळांत मुलांना डोळ्यांभोवतीच्या जागा दाबण्याची कवायत शिकवू लागले. कर्ण्यावर संगीत लागते आणि वर्गातली सगळी मुले डोळे मिटून एका तालात बोटे फिरवतात. डोळे अधू होऊ नयेत हा हेतू. पण चष्मे काही थांबले नाहीत. उलट ग्वांगचौ शहरातल्या बारा शाळांत एक निराळा प्रयोग झाला. सहा शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्त उघड्यावर नेले. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांची दूरची नजर अधू झाली होती, आणि बाकीच्या शाळांत जवळजवळ ४० टक्क्यांची. हा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकहो, मुलांना मैदानावर सोडणे हे बोटांच्या कवायतीपेक्षा डोळ्यांना जास्त मानवले!

पण या विद्येने एक काम असे केले आहे की त्याला कुठल्याच चाचणीची गरज नाही. चीनमध्ये अंध माणसांना हे काम शिकवतात. बीजिंगमध्ये १९५८ साली मर्दनाचे एक रुग्णालय निघाले. तिथे उपचार करणारे बरेच जण अंध आहेत. ते शरीरशास्त्र स्पर्शलिपीतून शिकतात आणि रोग्याची पाठ बोटांनी वाचतात. जपानात तर चीनमधूनच गेलेले हे मर्दन 'आन्मा' या नावाने कित्येक शतके अंधांचा मानाचा व्यवसाय होऊन राहिले आहे. डोळे नसलेल्या माणसाला भिक्षेची वाटी न देता हातात विद्या देणे, ही गोष्ट त्या देशांकडून घेण्यासारखी आहे.

आता मी ज्या गोष्टीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिच्याकडे वळतो. माझा एक चुलतभाऊ नऊ वर्षांचा असताना बैलगाडीवरून पडला. कोपर सुजले. गावात एक वडीलधारे गृहस्थ होते. त्यांच्या हाताला गुण आहे अशी ख्याती. त्यांनी कोमट तेल लावून रोज सकाळ-संध्याकाळ ते कोपर चोळले, ओढले, वाकवून पाहिले. पोरगा ओरडायचा, आणि आम्ही त्याचे पाय धरून बसायचो. दहा-बारा दिवसांनी सूज उतरली, पण कोपर वाकेना. पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितले की आत हाडाला इजा होती. ताज्या जखमेवर रोज चोळल्याने स्नायूच्या आत नवे हाड धरले. आज तो भाऊ नातवंडांचा आजोबा आहे, पण उजव्या हाताने घास तोंडापर्यंत नेता येत नाही. चोळणाऱ्याने एक पैसा घेतला नव्हता. त्यांची माया खोटी नव्हती, आणि पाय धरणाऱ्यांत मीही होतोच. आम्हा कुणालाच आत काय झाले आहे, ते माहीत नव्हते.

१७४२ साली चीनच्या बादशहाच्या आज्ञेने एक मोठा वैद्यकग्रंथ तयार झाला. त्यात हाडे बसवण्याच्या आठ रीती दिल्या आहेत. त्यातली पहिली रीत आहे हाताने चाचपून पाहणे. शरीराची मूळ ठेवण आधी पुरती ठाऊक असली पाहिजे, मगच हात चालवावा, असे तो ग्रंथ बजावतो. आमच्या घरात तेवढे कोणी बजावले असते तर!

म्हणून श्रोते हो, काही गोष्टी लक्षात ठेवा. शक्य तर शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा.

पडून, आपटून हात-पाय सुजला असेल तर तो चोळू नका, ओढू नका. विशेषतः मुलाचे कोपर. लाकडाची पट्टी हलकेच आधाराला बांधा आणि दवाखाना गाठा. पट्टी इतकी घट्ट नको की बोटे थंड आणि काळीनिळी पडावीत.

पाठ दुखते आहे, आणि जोडीला संध्याकाळचा बारीक ताप आहे, वजन घटते आहे, तर ती पाठ रगडू नका. कण्याचा क्षय असा येतो. त्याला औषध आहे आणि तो बरा होतो, पण वेळेवर तपासले तर.

कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडू लागला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. एक रात्रही थांबू नका.

एकच पोटरी सुजली, दुखते आहे, गरम लागते आहे, तर ती चोळू नका. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

मानेला झटका देऊन कडकन् वाजवून घेऊ नका, मग तो न्हावी असो की मित्र. क्वचितच का होईना, मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून झटका येऊ शकतो. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्यांनी, आणि गरोदर बाईच्या पोटा-कंबरेच्या बाबतीत सर्वांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून जोराचे मर्दन करू नये. तान्ह्या मुलाला ताप असेल तर तो उतरवण्यासाठी मर्दनावर विसंबू नये.

हे ऐकून कुणाला वाटेल की मग अंग चेपूनच घेऊ नये. तसे मुळीच नाही. दिवसभर राबून खांदे भरून आले, मान आखडली, साधी उसण भरली, तर हलक्या हाताने, एका लयीने चेपून घ्या. उबदार शेक घ्या. आणि उसण भरली म्हणून आठ-आठ दिवस खाटेवर पडून राहू नका. बेताबेताने हिंडतेफिरते राहा. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. तोवर दुसऱ्याच्या हाताने थोडा आराम मिळाला, रात्री नीट झोप लागली, तर तेही काही थोडे नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली तुइना शिकवण्याचे किमान नियम छापून प्रसिद्ध केले. त्यात हात कसा चालवावा हे तर आहेच, पण कुणाला हात लावू नये हेही विद्यार्थ्याला आलेच पाहिजे, असे सांगितले आहे. शांघायच्या शाळेत तांदळाच्या पिशवीवर महिनोन् महिने घासणाऱ्या त्या पोरांची आठवण ठेवा. ज्यांच्या देशात ही विद्या दोन हजार वर्षे आहे, ते देखील माणसाच्या अंगाला हात लावण्याआधी इतके थांबतात. आपणही सुजलेल्या कोपराला हात घालण्याआधी दवाखान्यापर्यंत जाण्याइतके थांबू या.